टर्बो गाडीचा तोच पिस्टन तिसऱ्यांदा गेला, फोर्ज्ड (ठोकून घडवलेला, मजबूत) टाकूनही गेला. आधी कारण शोधा, मग पार्ट मागवा

खाडीकाठचा (चिपळूण)

दीड वर्षात एकच इंजिन तीनदा खोलून झालं म्हणून लिहितोय. गाडी १.२ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलेंडर, डायरेक्ट इंजेक्शन, बोअर ७१ मिलिमीटर. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली), मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), बूस्ट म्हणजे टर्बोचा जादा हवेचा दाब १.४ बार. पहिल्यांदा गेली ती कुंभार्ली घाटात. चौथा गिअर, १८०० च्या आसपास आरपीएम, पुढे ट्रक होता तो बाजूला झाला आणि मी पाय पूर्ण दाबला, एकच टक् आवाज आला आणि मागे निळा धूर. घरी आणून बघतो तर डिपस्टिक आपोआप वर आलेली, ऑइलचं झाकण उघडलं की भाताच्या कुकरसारखी वाफ. कॉम्प्रेशन तीन सिलेंडरला १७०-१७५ पीएसआय, तिसऱ्याला ६०. हेड उतरवलं, पिस्टन काढला, तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी तीन सेंटिमीटर तुटलेली. तो तुकडा अजून माझ्याकडे श्रीखंडाच्या डब्यात आहे.

ज्याने रिमॅप केला तो म्हणाला, कंपनीचा पिस्टन नाजूक असतो, फोर्ज्ड टाक. तेव्हा पैसे नव्हते म्हणून कंपनीचाच टाकला आणि मॅप थोडा मवाळ करून घेतला. सात महिन्यांनी परत गेला, परत तिसराच. मग कर्ज काढून चारही फोर्ज्ड टाकले, पाच महिने चालली. आता परत खोललीय आणि परत तिसरा!

माझं म्हणणं एवढंच आहे की तीन वेळात एकानेही मला विचारलं नाही की तिसराच का. इंजिन मॉडिफाय करणारे पार्ट विकतात, निदान करत नाहीत. पिस्टन काय सांगतोय ते वाचायच्या आधीच नवा पिस्टन ऑर्डर होतो.

बूस्टवेडा (रत्नागिरी)

दादा तुझं दुखणं समजतं पण राग चुकीच्या ठिकाणी निघतोय. कंपनीचा पिस्टन कंपनीच्या बूस्टसाठी बनवलेला असतो, रिंगांमधली पट्टी पातळ ठेवतात कारण वजन आणि घर्षण कमी हवं असतं. त्यावर तू १.४ बार टाकतोस तर मार्जिन उरतंच किती? फोर्ज्ड हा उपाय नाही म्हणणं म्हणजे रस्त्यात खड्डे आहेत म्हणून चांगले टायर नकोत म्हणण्यासारखं आहे. आपल्याकडे डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन) नाही, ट्यूनिंग घाटातच होतं, चूक होणारच, मग चूक सोसेल असा पिस्टन नको का?

आणि फोर्ज्ड टाकताना रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) किती ठेवला ते आधी सांग. टर्बोला बोअर गुणिले ०.००५५ हा साधारण हिशोब, म्हणजे ७१ ला ०.३९ मिमी. कमी ठेवला तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा राहत नाही आणि ती पट्टी उपटून काढते. टोकं आरशासारखी चमकतायत का बघ. चमकत असतील तर ट्यूनरला शिव्या देण्याआधी इंजिन बांधणाऱ्याकडे जा.

खाडीकाठचा

गॅप मी स्वतः फिलर गेजने मोजला होता, रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ खाली ढकलून, चारही ०.४०. टोकं काळी आहेत, कुठेही चमक नाही.

आणि फोर्ज्ड तुटला नाहीये, हेच मला सांगायचंय. तो कडेला खाल्लाय. एक्झॉस्टच्या बाजूची कड वाळूचा मारा केल्यासारखी खरखरीत, बाकी पिस्टन गुळगुळीत. वरची रिंग खाचेत अडकलेली. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून बघितलं तर मिरपुडीसारखे ठिपके, त्यात चमकणारे बारीक गोळे, ते ॲल्युमिनियम आहे, पिस्टनचं. आणि त्याच रॉडच्या बेअरिंगचा वरचा अर्धा भाग घासून तांबूस झालाय, खालचा छान आहे. म्हणजे हातोडा तोच चालू होता (नॉक, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून बसणारे फटके), पिस्टन तुटला नाही म्हणून मार खाली बेअरिंगवर गेला. आणखी दोन महिने चालवली असती तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. तुझ्या भाषेत चांगल्या टायरने मला खड्डा कळूच दिला नाही.

मचवा७८ (देवगड)

मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. इंधनाबद्दल कुणी बोलतच नाहीये. मॅप कधीचा आहे? २०२३ पासून पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, ई२० चा हिशोब साडेतेराच्या जवळपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, साधारण ८-९ टक्के. ऑक्टेन वाढतो हे खरं पण मॅप जुना असेल आणि फुल लोडवर तो ठरलेल्या आकड्यावरच चालत असेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे इंधन कमी पडतं.

दुसरं म्हणजे तुमची कुंभार्लीची गोष्ट वाचून मला तर सरळ एलएसपीआय (कमी आरपीएमवर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटणं) वाटतं. कमी आरपीएम, वरचा गिअर, फुल पाय. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवर आदळतं, ऑइलमध्ये मिसळतं, तो थेंब वरच्या रिंगजवळून उडतो आणि प्लगच्या आधीच पेट घेतो. एका फटक्यात पट्टी तुटते, आधी खडखड ऐकूच येत नाही. म्हणून तर २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ग्रेडचं ऑइल आलं, कॅल्शियमचं प्रमाण जास्त असलेल्या ऑइलने हा प्रकार वाढतो हे कळल्यावर. तुम्ही कुठलं ऑइल घालता? घाटात गिअर खाली टाका, आरपीएम अडीच-तीन हजारावर ठेवा आणि मग पाय द्या, हा फुकटचा उपाय आहे.

खाडीकाठचा

पहिल्या वेळचं तुमचं बरोबर असू शकतं, मान्य. तेव्हा ऑइल जुन्या ग्रेडचं होतं, डबा अजून आहे, एसएन लिहिलंय. नंतर दोन्ही वेळा एसपी होतं. पण तिसऱ्या वेळची कड एका फटक्याची नाही हो, ती रोज थोडी थोडी खाल्लेली आहे. आणि पेट्रोल चारही सिलेंडरला एकाच टाकीतून जातं, ऑइलही एकाच संपमधून (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतून). इंधनाचा दोष असता तर कधी पहिला गेला असता कधी चौथा.

बूस्टवेडा

इथेच तू घसरतोस. चारही सिलेंडर सारखे नसतात. मधल्या दोघांना दोन्ही बाजूंनी गरम शेजारी, पाणी पोचतं ते शेवटी, हवाही मॅनिफोल्डमधून समान वाटली जात नाही. पूर पूर्ण गावाला येतो पण पाणी आधी सखल घरात शिरतं, हे चिपळूणच्या माणसाला मी काय सांगू. मॅप सगळ्यांनाच जास्त गरम करत असेल तरी मरणार तिसराच. तोच सिलेंडर तीनदा गेला यावरून दोष त्याच सिलेंडरचा आहे हे सिद्ध होत नाही.

गॅरेजवालो (कुडाळ)

माझा गॅरेज आसा, तेवीस वर्सां झाली. खाडीकाठचा सांगता ता बरोबर आसा, पण गिऱ्हाइकाक कोण समजावतलो? त्येका गाडी शनिवारी व्हयी असता.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. बूस्टवेड्याचा मुद्दा मोलाचा आहे आणि त्याचा निकाल बोलून लागणार नाही, अदलाबदल करून लागेल. तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्याला लावायचा, कॉइल पहिल्याला, आणि गाडी हलक्या बूस्टवर चालवून प्लग बघायचे. खूण इंजेक्टरबरोबर दुसऱ्याकडे सरकली तर इंजेक्टर, तिसऱ्यावरच राहिली तर आतलं काहीतरी, पिस्टनला खालून थंड ठेवणारा ऑइलचा जेट बुजलेला असू शकतो. पिस्टन उलटा करून बघ, खालून ऑइल जळून काळं चिकट झालंय का आणि बाकीच्या तिघांपेक्षा जास्त झालंय का.

अजून दोन गोष्टी. बूस्टचा वॉल्व्ह हाताने फिरवायचा आहे की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चालवतो? पुणं साडेपाचशे मीटरवर, तिथे बाहेरचा दाब ०.९५ बार, आपल्याकडे समुद्रसपाटीला १.०१. हाताने लावलेला १.४ गेजवर दोन्हीकडे १.४ च दिसतो पण इंजिनात इथे जास्त हवा जाते. लोक दमट हवेला दोष देतात ते मात्र चूक, दमट हवेने नॉक उलट थोडा कमीच होतो. खरा त्रास खारट वाऱ्याचा. किनाऱ्यावरच्या गाडीत मी नॉक सेन्सर काढला की खाली हिरवट-लाल थर असतो. सेन्सर ब्लॉकला घट्ट बसला पाहिजे, बहुतेक ठिकाणी २० न्यूटन मीटर. गंजावर बसला तर आवाज नीट पोचत नाही आणि स्कॅनरवर कोडही येत नाही. पुरात भिजलेल्या गाडीत तर हे पहिलं बघायचं, २०२१ नंतर चिपळूणच्या किती गाड्या माझ्याकडे आल्या मला माहीत आहे.

खाडीकाठचा

दादा तुमचा हा एक रिप्लाय मला दीड वर्ष आधी हवा होता. वॉल्व्ह ईसीयूचाच आहे. सेन्सर काढला, थर होता पण पातळ. मात्र जुने लॉग उघडून बघितले तर तिसऱ्याचं टाइमिंग (ठिणगीची वेळ) ईसीयू ५-६ डिग्री मागे ओढत होता, बाकीचे १-२. म्हणजे इंजिन ओरडून सांगत होतं. आणि शेवटच्या मॅपमध्ये ते मागे ओढणंच कमी करून टाकलंय, सेन्सरची सेन्सिटिव्हिटी खाली आणून, म्हणजे पिकअप बरा लागावा! हे बघून रात्री झोप लागली नाही.

शिडवणेकर

दीड वर्षात तीन इंजिन कामं, म्हणजे नवी स्कूटर आली असती. कंपनीने जशी दिली तशी चालवा ना. घरच्यांचा तरी विचार करा.

खाडीकाठचा

ताई/दादा, घरच्यांचा विचार करूनच कारण शोधतोय. वडिलांना दर महिन्याला कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचं असतं, याच गाडीने.

खाडीकाठचा (नऊ दिवसांनी)

इंजेक्टर पुण्याला बेंचवर तपासून आले. तिघांचा फ्लो एकमेकांच्या २ टक्क्यांत. तिसऱ्याचा ११ टक्के कमी, आणि फवाऱ्याची एक धार वाकडी. पिस्टन तीनदा गेला, इंजेक्टर पहिल्या दिवसापासून तेच. ऑक्सिजन सेन्सर चौघांत मिळून एकच, तो सरासरी बघतो, म्हणून लॉगवर लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, आकडा वाढला की मिश्रण पातळ) ०.८२ छान दिसायचा आणि आत तिसरा एकटा ०.९ च्या आसपास जळत होता. बूस्टवेडा, आता सांग.

बूस्टवेडा

इंजेक्टर मान्य, पूर्ण मान्य. पण माझं म्हणणं मागे घेत नाही. ११ टक्के कमी इंजेक्टर कंपनीच्या मॅपवर असता तर ईसीयूने टाइमिंग मागे घेऊन सांभाळून नेलं असतं, फार तर गाडी जरा मंद वाटली असती. तुझ्या मॅपमध्ये सांभाळायला जागाच ठेवली नव्हती. इंजेक्टर बदलून परत १.४ वर जाणार असशील तर पुढच्या वेळी दुसरा सिलेंडर जाईल आणि तू दुसरं कारण शोधत बसशील.

खाडीकाठचा

१.४ वर जात नाही. चारही इंजेक्टर नवे, नॉक सेन्सरची सेटिंग कंपनीची, बूस्ट १.१, मॅप ई२० वर नव्याने. फोर्ज्ड तीन तेच ठेवतोय, चौथा मागवलाय, तेवढं तुझं ऐकलं. रनिंग झाल्यावर कुंभार्ली तिसऱ्या गिअरमध्ये चढून वर पोहोचलो की तिथेच इंजिन बंद करणार, थंड झाल्यावर चारही प्लग काढून पाठीवर सिलेंडरचा नंबर लिहून फोटो टाकतो. भिंग बरोबर घेतोय.

गॅरेजवालो

प्लग गरम इंजिनात काढू नको, हेडचे आटे सोबत येतले. तासभर थांब, चाय पी.