बीएस्सी केमिस्ट्री, सहा वर्षं क्यूसीत. आता एमसीए करू का?

डिचोलीची केमिस्ट

नमस्कार. वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहे. वय २८, बीएस्सी केमिस्ट्री, बारावीला गणित होतं.

आमच्याकडे एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नमुना लावण्याआधी स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची, सहा इंजेक्शनं द्यायची, सहाही पीकचे (आलेखावरच्या उंचवट्यांचे) एरिया हाताने एक्सेलमध्ये टाकायचे, आरएसडी, म्हणजे त्या आकड्यांतला फरक, दोन टक्क्यांच्या आत आला की पुढे जायचं. मग दुसरी मुलगी तेच आकडे पुन्हा ताडून बघते. गेल्या पावसाळ्यात यूट्यूबवर बघत पायथन शिकले आणि घरच्या लॅपटॉपवर, मनाचे आकडे घेऊन, हे सगळं करणारा चाळीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर बरोबर आलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. आईला उठवून सांगावंसं वाटलं. सहा वर्षांत एकाही पीककडे बघून मला असं झालेलं नाही.

सरांना दाखवला, त्यांनी क्यूएकडे, म्हणजे सगळं नियमाप्रमाणे होतंय ना ते बघणाऱ्या विभागाकडे पाठवलं. तिथल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "हा व्हॅलिडेट कोणी केला?" म्हणजे तो दर वेळी बरोबर चालतो हे तपासून कागदावर सिद्ध कोणी केलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

बाबांचे दोन टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा दारात उभे राहिले. येणारा पैसा थांबला की काय होतं ते आमच्या घराने बघितलंय, म्हणून नोकरी सोडायचा विषय मी अजून काढलेलाच नाही. दोन वर्षं कशीबशी निघतील इतकी बचत आहे. गोवा विद्यापीठातून कॉम्प्युटरचं एमसीए करू, की गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेक? आणि बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरचीच पदवी करून आलेल्या मुलांपुढे माझा निभाव लागेल का?

फिजिक्सवाला, फोंडा

ताई, मी बीएस्सी फिजिक्स, मग तीन वर्षं शाळेत शिकवलं, मग गोवा विद्यापीठात एमसीए. गेटला तुम्ही बसाल, पण तीन वर्षांच्या बीएस्सीवर एमटेकला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. चार वर्षांची पदवी नाहीतर एमएस्सी, एमसीए मागतात. तेव्हा आधी एमसीएच. बारावीचं गणित आहे म्हणजे एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणारी परिषद) अट भागली, आणि हा कोर्स आता तीनऐवजी दोन वर्षांचा झालाय. विद्यापीठाची जीयू-आर्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल.

निभावाचं विचाराल तर पहिलं सेमिस्टर जड गेलं. लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकीतून दुसरीचा पत्ता मिळणाऱ्या नोंदींची साखळी, मला कळेचना. शेवटी वहीत चौकोन काढले, एका चौकोनातून दुसऱ्याकडे बाण, मधला चौकोन खोडायचा आणि बाण कुठे वळवायचा ते बघायचं. अशी पानंच्या पानं भरली, तेव्हा कुठे डोक्यात उतरलं. बीसीएवाले तोवर पुढे गेले होते. तिसऱ्या सेमिस्टरला मात्र कोण कुठून आलंय ते सांगता येत नव्हतं. तुम्ही आतापासूनच एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांवर) डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्स सुरू करा, व्याख्यानं फुकट आहेत. आणि जमलं तर वर्गात बसूनच करा. मी निम्मं शिकलो ते लॅबमध्ये शेजारच्याची चूक शोधताना.

सीएसव्ही, वास्को

वरच्या मित्राशी एका बाबतीत मी सहमत नाही. नोकरी सोडायची घाई करू नका.

त्या मॅडमनी विचारलं ना, मी रोज तेच काम करतो: सीएसव्ही, म्हणजे कॉम्प्युटर सिस्टीम व्हॅलिडेशन. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम १९९७ पासून आहे: इलेक्ट्रॉनिक नोंद कोणी, केव्हा, काय बदलली त्याची ऑडिट ट्रेल हवी, आणि सिस्टीम व्हॅलिडेट केलेली हवी. क्रोमॅटोग्राफीचं (एचपीएलसी त्यातलीच) सॉफ्टवेअर असो की लिम्स, म्हणजे लॅबच्या नोंदी ठेवणारी सिस्टीम, ते तपासायला कोड वाचता येणारा आणि पीक म्हणजे काय ते कळणारा, असा एकच माणूस लागतो. तो सहज मिळत नाही. तुमची सहा वर्षं इथे जमेला धरली जातील. कोऱ्या एमसीएवाल्याकडे ती नसतात.

कंपनीतच सीएसव्हीकडे बदली मागून बघा. एमसीए इग्नू या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून होतं, गोव्यात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे.

डिचोलीची केमिस्ट

दोघांचेही आभार. रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे केमिस्ट्री सोडायची नाही ना?" आणि घरात हा विषय एकदाचा निघाला.

सोमवारी क्यूएच्या मॅडमकडे जाते. त्या चाळीस ओळी व्हॅलिडेट करायच्या तर कागद काय काय लागतील, ते त्यांनाच विचारते. वर्गात बसून शिकायची ओढ आहे, ते खोटं कशाला सांगू. पण बचत बघता आधी इग्नू.

माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. इग्नूची प्रॅक्टिकल्स शनिवार-रविवारी असतात की मधल्या वारी? कोणी केलं असेल तर सांगा.