महालक्ष्मीच्या रेसला नवीन माणसं कशी आणायची?

परळकर८९:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी लोअर परळला राहतो. आजोबा गिरणीत होते आणि पगार झाला की पुढच्या रविवारी त्यांची रेस ठरलेली. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा मला घेऊन गेले आणि कठड्यापाशी उभं केलं. घोडे दिसायच्या आधी पायाखालची जमीन थरथरायला लागते, मग तो आवाज येतो, मग सगळे अंगावर आल्यासारखे समोरून जातात आणि एकदम शांत. ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही, अजूनही जमेल त्या रविवारी जातो.

पण परवा स्टँडमध्ये बसलो होतो आणि सहज आजूबाजूला बघितलं तर आमच्या तीन बाकांवर मीच सगळ्यात लहान, ३६ वर्षांचा माणूस. डर्बीला, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या मोठ्या रेसला, पोरं येतात, नटूनथटून येतात, फोटो काढतात, पण त्याच्या पुढच्या रविवारी त्यातलं कोणी दिसत नाही. १८८३ पासून चालू असलेलं मैदान आहे हे, आणि आणखी वीस वर्षांनी तिथे बसणार कोण हा प्रश्न मला खरंच सतावतो.

आता हे डोक्यात का आलं ते सांगतो. नोव्हेंबरमध्ये ताईकडे क्राइस्टचर्चला गेलो होतो, तिथे अ‍ॅडिंग्टनला हार्नेस रेस बघितली. आपल्याकडे हा प्रकार नाही म्हणून थोडक्यात सांगतो. घोड्याच्या पाठीवर जॉकी नसतो, मागे दोन चाकांची हलकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात, त्यात ड्रायव्हर बसतो, आणि घोड्याने दुडक्या चालीनेच पळायचं, चौखूर उधळला की ड्रायव्हरने त्याला आवरून मागे घ्यायचं. त्यांची सगळ्यात मोठी रेस नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, ३२०० मीटर, १९०४ पासून चालू. मंगळवार असून मैदान भरलेलं होतं हो! बायका, पोरं, ऑफिसातली माणसं. ताई म्हणाली तिथे लहान मुलांनासुद्धा पोनीच्या छोट्या गाड्या चालवायला शिकवतात, रेसच्या दिवशी त्यांची पण फेरी होते.

आणि मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या, मी बावचळलेला दिसलो असेन म्हणून त्यांनी स्वतःहून रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांची माहिती असलेलं पुस्तक, माझ्यासमोर धरलं आणि एकेक ओळ बोट ठेवून समजावली. दुसऱ्या रेसपर्यंत मी उभा राहून ओरडत होतो.

आम्ही चार-पाच मित्र आहोत, रेस भरवणाऱ्या क्लबशी आमचा काही संबंध नाही, फक्त आवड आहे. नवीन माणसं यावीत, त्यांना गोडी लागावी आणि हळूहळू ती चार पैसे लावून खेळायलाही लागावीत यासाठी आमच्यासारख्यांनी काय करावं? प्लीज मनापासून सुचवा.

गिरगावकर_काका:
परळकर, तुमचं वाचून डोळे भरून आले. मी १९७६ पासून जातोय. नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला एलुसिव्ह पिंपरनेल नावाचा घोडा पळायचा, वर जॉकी पेसी श्रॉफ, त्या घोड्यावर पैसे न लावलेली माणसंसुद्धा त्याला बघायला कठड्याला लागलेली मी पाहिली आहेत. म्हणजे घोडा हाच हीरो होता, भाव नंतर.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एकच, नवीन माणसाला आधी पॅडॉकला न्या. टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या खिडकीशी नाही, बुकींच्या रिंगमध्ये तर अजिबात नाही. रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात तिथे दहा मिनिटं उभं करा. कोणता घोडा मान खाली घालून शांत चालतोय, कोणाच्या मांड्यांमध्ये फेस आलाय, कोणाची कातडी उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी चमकतेय, हे बघायला कोणाला शिकवावं लागत नाही, फक्त बघ म्हणायला लागतं. माझ्या भाचीला मी असंच नेलं होतं. तिने एक रुपया लावला नाही पण प्रत्येक रेसला एक घोडा मनात धरायची, सहाव्या रेसला तिचा घोडा आला तेव्हा माझा खांदा धरून नाचली. आता ती मला फोन करून विचारते, मामा या रविवारी काय.

दुसरं म्हणजे रेसबुक. नवख्याला ते पंचांगासारखं वाटतं, सगळे आकडे आणि खुणा. मी चारच गोष्टी बघायला सांगतो, आजचं अंतर किती, घोड्यावर वजन किती, मागच्या धावा कशा झाल्या आणि वर जॉकी कोण. हँडिकॅप रेस असेल तर चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतात म्हणजे सगळ्यांना संधी राहते, एवढं एक वाक्य सांगितलं की माणसाच्या डोक्यात ट्यूब पेटते, कारण मग त्याला कळतं की हा नुसता नशिबाचा खेळ नाही, यात विचार आहे. सुप्रीम कोर्टानेही १९९६ मध्ये तेच सांगितलं होतं, घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे म्हणून.

दादरची_स्टॉकहोमला:
मी गेली अकरा वर्षं स्वीडनमध्ये आहे, इकडे घोड्यांची रेस म्हटली की लोकांना आधी ही सल्कीवालीच आठवते म्हणून लिहावंसं वाटलं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथे सोल्वाल्लाच्या मैदानावर एलिटलोपेट नावाची मोठी रेस होते. १६०९ मीटर, म्हणजे एक मैल, दोन मिनिटांच्या आत खेळ संपतो. पण मजा अशी की आधी दोन गटांच्या रेस होतात आणि त्यातून निवडलेले घोडे त्याच दुपारी पुन्हा फायनलला पळतात, म्हणजे पहिल्या रेसला तुम्ही एका घोड्याच्या प्रेमात पडलात की संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला. सुरवात पण बघण्यासारखी असते, पुढे एक गाडी चालते, तिला दोन्ही बाजूंना लांब पंख असतात, घोडे त्या पंखांच्या मागून वेग धरतात, मग पंख मिटतात, गाडी बाजूला होते आणि सुटले.

आता खेळणाऱ्यांबद्दल, कारण परळकरांनी तेही विचारलंय. इथे १९९३ मध्ये व्ही७५ नावाचा शनिवारचा खेळ सुरू झाला आणि घराघरात पोचला. सात रेसचे सात विजेते ओळखायचे, पण पाच किंवा सहा बरोबर आले तरी थोडंफार मिळायचं. आणि एका ओळीची, म्हणजे सात नावांच्या एका जुळणीची, किंमत अर्धा क्रोना! त्यामुळे व्हायचं काय, की आमच्या ऑफिसात आठ जण थोडे थोडे पैसे काढून एकच कूपन भरायचे, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यावर कडाक्याचं भांडण, ज्याला घोड्यातलं काही कळत नाही तोही मत देणार. मी स्वतः घोड्याचं नाव आवडलं म्हणून एकदा हट्टाने एक नाव घालायला लावलं होतं. पैसे गेले, पण त्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर सातही रेस बघितल्या.

आपल्याकडे जॅकपॉट आहेच ना, त्यातही सलग रेसचे विजेते सांगायचे असतात. तो एकट्याने मोठ्या रकमेचा खेळण्यापेक्षा आठ जणांनी मिळून छोटा खेळावा असं सांगा नवीन लोकांना. हरलं तरी चहाच्या पैशात हरतात, आणि गप्पा आठवडाभर पुरतात.

अजून एक, इथे घोड्यात भागीदारी करता येते. पन्नास-शंभर माणसं मिळून एक घोडा, प्रत्येकाचा छोटा हिस्सा. तबेल्यात जाऊन घोड्याला गाजर घालता येतं. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा असा घोडा आहे आणि तो शेवटून दुसरा आला तरी ती आम्हा सगळ्यांना केक खायला बोलावते.

विक्रोळी_पूर्व:
मला या धाग्यात बोलायचं नव्हतं पण बोलतो. माझे वडील रेस खेळायचे. आईच्या पाटल्या, मग पीएफवर काढलेलं कर्ज, मग मामाकडून उसने, सगळं त्यात गेलं. रविवारी संध्याकाळी जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली की त्या पावलांवरून आम्हाला कळायचं आज काय झालंय. मी दहावीला असताना आमची लाइट कापली होती.

तुम्ही सगळे चांगल्या मनाने बोलताय हे दिसतंय. म्हणून विनंती करतो, माणसं आणा, पण खेळणारे वाढवायचे हे ध्येय ठेवू नका. बघणारे वाढवा. ज्याला खेळायचं तो खेळेल. आणि ज्याला न्याल त्याला पहिल्याच दिवशी सांगा की खिशात जेवढी रोख आणली तेवढीच, संपली की संपली, हरलेलं भरून काढायला पुढच्या रेसला दुप्पट लावायचं नाही. माझ्या वडिलांना हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यांना फक्त टिपा देणारे भेटले.

परळकर८९:
विक्रोळीकर, तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. माझी चूक झाली, प्रश्नात मी दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या. आजोबा घरून निघतानाच आजीकडून ठरलेली रक्कम घ्यायचे आणि परतीच्या वडापावचे पैसे वेगळ्या खिशात ठेवायचे, ते मी गंमत म्हणून लक्षात ठेवलं होतं, आता त्याचा अर्थ कळतोय. आम्ही ज्यांना नेऊ त्यांच्यासाठी हाच नियम.

हिशेबनीस:
भावनेचं सगळं झालं, आता पैशाचंही बघा. नवीन खेळणारा टिकत नाही याचं मोठं कारण टॅक्स आहे. २०१७ पासून रेसवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, आणि तो क्लबच्या कमिशनवर नाही तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. वर १० हजारांच्या पुढे जिंकलात तर ३० टक्के टीडीएस. म्हणजे घोडा धावायच्या आधीच तुम्ही मागे पडलात. जो नियमाने खेळतो त्याला हे, आणि बाहेर फोनवर बेकायदा घेणारे यातलं काहीच कापत नाहीत, मग माणूस तिकडे वळतो, तिथे ना पावती ना दाद. हे बदललं नाही तर कितीही पॅडॉक दाखवा, पैसे लावणारा वर्ग वाढणार नाही असं माझं स्पष्ट मत.

चाक_आणि_लगाम:
एक आयडिया, आपल्याकडेच हार्नेस रेस चालू केली तर? घोडागाडी तर मुंबईच्या रक्तात आहे, व्हिक्टोरिया होत्याच की. गावाकडे बैलगाडा शर्यतीला माणसं झाडावर चढून बसतात, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा मान्य केल्यावर तर पुन्हा जोरात आहेत.

तबेलेवाला:
चाक_आणि_लगाम दादा, इतकं सोपं नाही. मी घोड्यांच्या दवाखान्यात काम केलंय बरीच वर्षं. त्या रेसचा घोडाच वेगळ्या जातीचा, स्टँडर्डब्रेड, आपल्याकडे धावतात ते थरोब्रेड. त्याला ट्रॅकही वेगळा लागतो, चाकं जायची म्हणजे गवत नाही, कडक आणि सपाट, वळणावर उतार दिलेला. आणि मुंबईत घोडागाडी म्हटलं की लोकांना काय आठवतं? हायवेवर पहाटे टांगे पळवतात, मागे बाइकवरची पोरं ओरडत असतात, डांबरावर घोड्याचे खूर फुटतात, पोलीस केस होतात. व्हिक्टोरियासुद्धा २०१५ मध्ये हायकोर्टाने घोड्यांच्या हालामुळेच बंद करायला लावल्या.

आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय. आत्ताची विशी-पंचविशीची मुलं पहिला प्रश्न पैशाचा विचारत नाहीत, घोड्याला चाबूक लागतो का, पाय मोडला तर काय करतात, म्हातारा झाल्यावर कुठे जातो, हे विचारतात. मला पुतणीने विचारलं तेव्हा आधी मी टाळलं. मग तिला सकाळी साडेसहाला ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघायला नेलं. सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, घोड्याला धुत होता, पाण्याची नळी मानेवरून खाली, मग पायाला हात लावून चारही नळ्या चाचपल्या, कुठे गरम लागतंय का, कारण सूज यायच्या आधी ऊब येते. तो सईस घोड्याशी सतत बोलत होता, शिव्या पण देत होता लाडाने. पुतणी गप्प उभी राहून बघत होती. सगळे प्रश्न सुटले नाहीत तिचे, चाबूक अजूनही तिला पटत नाही आणि मी वाद घालत नाही. पण आता ती दर सीझनला येते. तेव्हा जे विचारतील त्यांना खरं उत्तर द्या, गोड गोड नको.

आणि हे बघा, त्याच मैदानात रोज सकाळी चालायला केवढी माणसं येतात! ट्रॅकच्या शेजारून वर्षानुवर्षं चालतात आणि एकही रेस बघितलेली नाही. सुरवात त्यांच्यापासून करा. आता २११ एकरांपैकी १२० एकर पार्कसाठी गेलेत, ९१ क्लबकडे राहिलेत, म्हणजे पार्क झालं की अजून कुटुंबं येतील तिकडे. मेट्रो ३ चं महालक्ष्मी स्टेशनही झालंय. माणसं दारात आहेत, आत बोलवायला कोणी नाही.

गिरगावकर_काका:
तबेलेवाल्यांशी शंभर टक्के सहमत. ट्रॅकवर्कची कल्पना माझ्या डोक्यात कधी आली नाही, लाज वाटते. हिशेबनीस, तुमचा टॅक्सचा मुद्दा बरोबर आहे पण तो आपल्या हातातला नाही, शेजारच्या माणसाला रेसबुक समजावणं हातातलं आहे.

परळकर८९:
सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आम्ही असं ठरवलंय, या सीझनला, म्हणजे एप्रिलपर्यंत, महिन्यातून एका रविवारी आम्ही सहा-सात नवीन लोकांना नेणार. पहिल्या दोन रेस फक्त पॅडॉक आणि कठडा, पैसे लावायचे नाहीत. तिसऱ्या रेसपासून ज्याला हवं त्याने, आणि सगळ्यांनी मिळून एकच छोटं तिकीट. ठरलेली रोख, दुसरा खिसा बंद. काका, तुमच्या चार गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून झेरॉक्स काढतोय, मराठीत.

विक्रोळीकर, तुम्ही याल का? खेळायला नाही, आणि नाही आलात तरी मी समजू शकतो.

विक्रोळी_पूर्व:
घोडा जवळून मी कधी बघितलाच नाही. वडिलांनी नेलं नाही कधी. सकाळचं ते ट्रॅकवर्क असेल तेव्हा कळवा, रविवारी दुपारी नको.

तबेलेवाला:
मी येतो सोबत. साडेसहाला महालक्ष्मी स्टेशनच्या बाहेर भेटू, चहा माझ्याकडून. पायात बूट घाला, चप्पल नको.