मदत हवी आहे: लँग्वेज लॅबमध्ये मुलं बोलतात, फाइल मुकीच निघते

नमस्कार मंडळी,

मी भाषेचा माणूस नाही. अमळनेर भागातल्या एका कॉलेजात बारा वर्षं फिजिक्सच्या लॅबला असिस्टंट होतो, जूनपासून लँग्वेज लॅबची चावी माझ्याकडे आली. इंग्रजीच्या मॅडम तासिका तत्त्वावर, त्यांना अजून एक कॉलेज सांभाळायचं असतं. म्हणून मशीनचं सगळं माझ्या गळ्यात.

प्रथम वर्षाच्या मुलांनी इंग्रजीत तीन मिनिटं बोलायचं, ऑडॅसिटी ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचं आणि मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवर, जमा करायचं. विषय 'आमच्या गावचा आठवडे बाजार'. पहिल्या बॅचला २० मुलं बसली, मॅडमना ऐकायला मिळाल्या ७ फाइली.

सहा फाइलींत आवाजच नाही, स्क्रीनवर आवाजाची नुसती सरळ रेघ. गंमत म्हणजे त्याच हेडसेटमध्ये ऐकू छान येतं. दोन वेव्ह फाइली 'फार मोठी' म्हणून मूडलनं परत केल्या. चौघांच्याही चढेनात, म्हणून पेनड्राइव्हवर घेतल्या, तर त्या मॅडमच्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. नावाच्या शेवटी .एयूपी३ असं काहीतरी आहे.

आणि एकीचं तर मलाच वाईट वाटलं. रोज एसटीनं येणारी मुलगी, वर्गात तोंड उघडत नाही. नवव्या वेळी तिच्या मनासारखं झालं, डेस्कटॉपवर सेव्ह केलं, थोड्या वेळात लाइट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच गेल्यात. मशीन परत चालू केलं तर डेस्कटॉप कोरा. सेव्ह केलेली फाइल लाइट गेल्यानं कशी जाईल? ती मला विचारते, मी कोणाला विचारू?

फिजिक्सवाला म्हणून एवढं तपासलं: तेच हेडसेट लॅपटॉपला लावले तर माइक चालतो. प्राचार्य म्हणतात, घरून मोबाइलवर करून आणू द्या. मॅडमना ते नको, कोणीतरी लिहून देतं आणि मुलं वाचून दाखवतात म्हणे. घरी एकांत तरी कुठे असतो. एका नमुन्यात मुलापेक्षा म्हैस स्पष्ट होती.

दुसरी बॅच मंगळवारी आहे. काय करू?

तापीकाठ:
भाऊ, आधी हेडसेटची पिन बघा. एकच आहे ना? तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असल्या तर ती मोबाइल-लॅपटॉपची पिन, ऐकणं-बोलणं एकातच. तुमच्या जुन्या मशीनला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असणार. हिरव्यात घातली की ऐकू येतं, माइक मात्र कुठेच जोडला जात नाही. एका पिनेचे दोन फाटे करणारा वाय-जॉइंटर मिळतो, माइकचा फाटा गुलाबीत. एवढं करूनही स्क्रीनवरची रेघ हलली नाही तर विंडोजच्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का बघा.

डेस्कटॉप कोरा झाला म्हणजे मशीनवर डीप फ्रीझसारखं काही बसवलेलं दिसतं. रीस्टार्ट झालं की सी ड्राइव्ह गोठवला त्या दिवसावर परत जातो. व्हायरसपुरतं झकास, मुलांच्या कामाला घातक. बहुतेक ठिकाणी दुसरा ड्राइव्ह मोकळा सोडतात. डी मध्ये एक रिकामी फाइल ठेवा, रीस्टार्ट करा, राहते का बघा.

खडूफळा:
दादा, त्या चौघांना परत बोलवू नका, आवाज शाबूत आहे. .एयूपी३ हे ऑडॅसिटीचं कच्चं काम, बाहेरच्या प्लेअरला ते कळत नाही. मुलांनी 'सेव्ह' केलं, हवं होतं 'एक्स्पोर्ट'. तुमच्या मशीनवर उघडा आणि एमपीथ्री काढा.

मोठ्या फाइलींचं म्हणाल तर स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते. एकच तोंड बोलतंय तर स्टिरिओ कशाला? मोनो, म्हणजे एकच ट्रॅक, करा, एमपीथ्री ६४ केबीपीएस ठेवा, तीन मिनिटं दीड एमबीत बसतात. मूडल पीएचपी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतं आणि पीएचपीची मुळातली अपलोड मर्यादा २ एमबी असते, म्हणून मी त्याच्या आतच राहते. तुमच्याकडे किती ठेवलीय ते फाइल जोडायच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. आणि फाइलीला नाव म्हणून रोल नंबर द्यायला लावा, नाहीतर 'न्यू १', 'न्यू फायनल' ओळखत बसाल.

धागाकर्ता:
भाऊ, ताई, दोघांचे आभार. पिनेवर तीनच रेघा निघाल्या! डी मध्ये फाइल राहिली. चार एमपीथ्री काढून मॅडमना दिल्या. जॉइंटर इथे मिळाले नाहीत, उद्या जळगावला गोलाणी मार्केटमध्ये बघतो. तोवर एका मशीनवर मॅडमचा मोबाइलचा जुना जॉइंटर लावून पाहिला.

तिथे एक गंमत झाली. मुलं 'हॅलो टेस्टिंग' पुटपुटत होती, रेघ जेमतेम हलायची. म्हटलं, घरी बोलता तसं बोला. एकानं अहिराणीत जोरात "मना आवाज कसा शे?" (माझा आवाज कसा आहे?) विचारलं आणि रेघ वरच्या टोकाला जाऊन कापली गेली. आता माइक ओठांसमोर न ठेवता कोपऱ्याकडे दोन बोटं लांब ठेवायला सांगतो, म्हणजे 'प', 'ब' चे फुत्कार पण येत नाहीत. आणि २० ऐवजी एक सोडून एक, दहाच बसवणार, शेजारच्याचा बाजार ह्याच्या बाजारात यायला नको.

त्या मुलीला माझा लॅपटॉप देणार आहे. बॅटरी दोन तास चालते.