निळा केनयी पिवळा पडला, पीकॉकचा रंग उतरला. औषध घालू का?

म्हापसेकर
नमस्कार मंडळी. माझी 4 फुटी टाकी आहे, खाली पांढरी वाळू, मागे दगडांची रास. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड मासे ठेवलेत: केनयी, पिवळे लॅबिडो आणि एक निळा पीकॉक. चवथीपासून बघतोय, केनयीतला सगळ्यात मोठा, जो आणला तेव्हा निळाशार होता, तो पिवळट पडत चाललाय. आधी पर मळकट झाले, आता पोटही. खातो मात्र दाबून. त्याच सुमाराला पीकॉकचा निळा रंग उतरला. राखाडी दिसतो, फिल्टरमागच्या कोपऱ्यात उभा असतो. दुकानदार म्हणतो बुरशी असेल, औषध घाला. पाणी विहिरीचं आहे. काय करू?

डिचोलीकर
आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं. आपल्याकडे जांभा दगड, त्यामुळे विहिरीचं पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकलेलं असतं. मलावी सरोवराचा पीएच 7.7 ते 8.6 च्या दरम्यान. मी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवतो. पीएच सावकाश चढतो. एकदम चढवायला जाऊ नका, त्याचाच मासळीला जास्त त्रास.

फोंड्याची ताई
दादा, औषध नको. शिंपल्यांचा सल्ला चांगला आहे, तो घ्याच, पण तुमच्या तक्रारी दोन नाहीत, एकच आहे.

केनयीत पिल्लं आणि माद्या निळ्या असतात, नर वयात आला की पिवळा होतो. मलावीच्या बऱ्याच जातींत याच्या उलट, नर निळा, म्हणून लोक घाबरतात. मधला काळ खरंच वाईट दिसतो, ना धड निळा ना धड पिवळा. पोटाखालच्या मागच्या पराकडे जवळून बघा, गोल पिवळे ठिपके ठळक दिसतील. हा नर आता टाकीचा मालक झालाय, आणि पीकॉक त्याच्या धाकात आहे. केनयी म्हणजे म्बुनांतली, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांतली, भांडखोर जात. पीकॉक त्यामानाने शांत, वाळूवर किडे शोधत फिरणारा.

सिक्लिडच्या कातडीत काळ्या रंगाच्या पेशी असतात. आतले कण पसरले की मासा गडद, गोळा झाले की फिका. हे मज्जातंतू आणि हार्मोन यांच्या ताब्यात असल्यामुळे रंग मिनिटांत बदलू शकतो. टांगानिका सरोवरातल्या बर्टोनी जातीवर याचा पुष्कळ अभ्यास झालाय. दबून राहिलेल्या नराला वरची जागा मोकळी मिळाली की काही मिनिटांत त्याचा रंग चढतो, डोळ्यावर काळी रेघ उठते. तुमचा पीकॉक रंग लपवून सांगतोय की मी भांडायला आलेलो नाही. केनयीचं पिवळं होणं वेगळं. तिथे कातडीच हळूहळू बदलते, आठवडे लागतात, तो सहसा परत निळा होत नाही.

पीकॉकला दुसऱ्या टाकीत काढा, पाणी याच टाकीतलं घ्या. दोन-तीन दिवसांत निळा दिसायला लागला तर ती भीतीच होती. खाणं सोडलं असेल, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येत असेल, तर मात्र आजार धरून चला. आणि आणला तेव्हा केवढा होता? दोन इंचाचं पिल्लू पूर्ण रंगात दिसलं तर मला हार्मोनवालं खाद्य दिल्याची शंका येते. तो रंग घरी आल्यावर उतरतो. असे मासे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

चोडणकर
पांढऱ्या वाळूचं कोणी बोललं नाही. आपली काळुंदर पण सिक्लिडच. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीजवळ (पाण्याच्या दारापाशी) मिळते तेव्हा अंगावरचे उभे पट्टे काळेभोर असतात. पांढऱ्या बादलीत टाकली की बघता बघता फिकी पडते. तळ जसा, तसा मासा.

फोंड्याची ताई
खरं आहे. पण वाळूमुळे फिके पडायचे तर सगळेच थोडेथोडे पडले असते, आणि वाळू आल्यापासून. इथे लॅबिडो ठणठणीत आहेत. त्यांचा पिवळा उतरला असता तर मी खाद्य विचारलं असतं, तो रंग टिकायला खाण्यातून कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं लागतात. तरी वाळू गडद केली तर पीकॉकला बरंच वाटेल.

म्हापसेकर
ताई, मागच्या परावर ठिपके आहेत, तुम्ही म्हणालात तसेच. पीकॉक चांगला मोठा होता आणला तेव्हा, चार इंचाच्या आसपास. वेगळ्या टाकीत ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी गालांवर निळा आलाय, शेपटीकडे अजून राखाडी. खातोय. आता पिवळा केनयी कोणाला देऊन टाकू का? म्हणजे पीकॉकला परत आणता येईल.

फोंड्याची ताई
फार छान बातमी! पण केनयी देऊ नका. तो गेला की उरलेल्यांतला दुसरा नर पिवळा व्हायला लागेल आणि पीकॉक पुन्हा त्याच कोपऱ्यात. म्बुनांची टाकी म्बुनांचीच राहू दे, पीकॉकला त्याच्यासारख्याच शांत मासळीबरोबर ठेवा. आणि केनयीत नर एकच असेल याकडे लक्ष असू द्या. पिवळेपणा आणखी कोणात दिसला तर लगेच लिहा.