मस्टर्ड, विटकरी, चॉकलेटी: सुटे छान, एकत्र मळकट

कैरीफोड: लोणच्यांच्या वेबसाइटला १९७०च्या दशकातले उबदार रंग घेतलेत. आरजीबी (लाल-हिरवा-निळा, प्रत्येकी ० ते २५५) आकडे: पार्श्वभूमी क्रीम २४५-२३३-२११, शीर्षकं मस्टर्ड २१७-१६२-४३, बटणं विटकरी २००-८५-२७ आणि त्यावर क्रीम अक्षरं, मजकूर चॉकलेटी ५९-३६-२२. शीर्षकं नीट वाचता येत नाहीत आणि सगळं पान मळकट दिसतंय. बरणीच्या लेबलावरही हेच रंग छापायचेत. कुठे चुकतंय?

शिरोरेषा: क्रीमवर मस्टर्ड अक्षरं चालणारच नाहीत, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम १.९ भरतो. बारीक मजकुराला किमान ४.५ हवा, २४ पिक्सेल किंवा मोठ्या अक्षरांना ३. उलटं करा: पट्टी मस्टर्ड, अक्षरं चॉकलेटी, की ६.३ मिळतो. देवनागरीत हे जास्त जाणवतं, कारण आधी पुसट होतात त्या वरच्या खुणा. ‘कैरी’तल्या दोन मात्रांची एकच दिसायला लागते. बटणावर सध्या ३.७ आहे, विटकरी १६८-६७-२६ पर्यंत गडद केलात तर ५ होईल.

मोरपंखी_१०: मळकटपणाचं कारण वेगळं. सगळेच रंग उबदार, त्यामुळे उठाव कशालाच नाही. एक थंड रंग आणा. मोरपंखी ४७-१११-१०७ क्रीमवर ४.८ देतो, लिंक आणि छोट्या खुणांपुरताच ठेवा, पानाच्या दहाव्या हिश्शाच्या आत. लोणच्याच्या फोटोमागे मस्टर्ड नको, हळदीचं तेल त्यात विरून जातं. आणि फॉर्ममधली चूक नुसत्या लाल रंगाने दाखवू नका. विटकरी बटणाशेजारी तो लाल कोणाच्या लक्षातही येणार नाही. सोबत चिन्ह आणि शब्द हवेत.

चारशाई: लेबलाचं सांगतो. मस्टर्ड दबका करायला काळी शाई घालू नका, पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी होतो. छपाईच्या चार शायांचे टक्के सायन (निळसर) १०, मजेंटा (गुलाबीसर) ३८, पिवळा ९५, काळा ० पासून सुरुवात करून प्रूफवर, म्हणजे नमुना छपाईवर, मजेंटा कमीजास्त करा. घटक पदार्थांची यादी चॉकलेटीत नको, सरळ काळ्या शाईत घ्या. चार शायांचा चॉकलेटी रजिस्ट्रेशन (शायांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं) किंचित हललं तरी बारीक अक्षरांना रंगीत झालर लावतो. चॉकलेटीच हवा असेल तर स्पॉट शाई (त्याच रंगाची आधीच मिसळलेली एकच शाई) घ्या, खर्च वाढेल.

कैरीफोड: कागद कोटेड (गुळगुळीत लेप दिलेला) की अनकोटेड?

चारशाई: कोटेड. अनकोटेडमध्ये शाई मुरते, मस्टर्डचा तजेला जातो. शिवाय लोणच्याची बरणी म्हणजे तेलकट हात आलेच, लॅमिनेशन लागेलच. मॅट लॅमिनेशनखाली गडद रंग थोडे फिके दिसतात, तेव्हा प्रूफ लॅमिनेट करून मगच मंजुरी द्या.