सेक्रेटरीपद सोडावं का?

प्रश्न: दोन वर्षं झाली, सोसायटीचा बिनपगारी सेक्रेटरी आहे. रात्री ११ वाजता फोन येतो, "वरून पाणी गळतंय." गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशनं आणली, तर सभेला ४० पैकी ९ जण. कोरम नाही, ठराव लटकला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तेच गैरहजर लोक विचारतात, "कमिटी करते काय?" (मेंटेनन्स थकवणाराच सगळ्यात मोठ्याने.) राजीनामा देऊ का?

उत्तर १: द्या. पण इतिवृत्त, बँकेचे कागद सोपवून पोच घ्या. मी घेतली नव्हती. वर्षभर प्रत्येक हरवलेली फाईल माझ्याच नावावर.

उत्तर २: आधी फोन बंद करा, तक्रार लेखीच घ्या. माझ्याकडच्या निम्म्या तिथेच आटल्या.

प्रश्नकर्ता: करून पाहिलं. आता दाराखालून चिठ्ठ्या येतात.