'सोलर बसवा, बिल शून्य' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना

कृष्णाकाठ (सांगली): काल इथे एकाने लिहिलं, "तीन किलोवॅट बसवा, बिल शून्य, लाईट गेली तरी चिंता नाही, देखभाल काहीच नाही." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. लाईट गेली की साधं ऑन-ग्रिड सोलर (बॅटरीशिवाय, थेट वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं) भर दुपारीही बंद पडतं. बॅटरीवालं हायब्रिड चालतं, पण त्याचे पैसे वेगळे. आणि कुणी सांगत नाही ते हे: महाराष्ट्रात नेट मीटरवर (घेतलेली आणि लाईनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) जमा झालेली युनिटं ३१ मार्चपर्यंतच पुढे ओढली जातात. उरलेल्यांचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्या दराने नाही. थंडीभर साठवलेलं खातं नेमकं एसी सुरू करायच्या वेळी कोरं होतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान, त्यापुढे कितीही बसवा, तेवढंच. पाच किलोवॅट गळ्यात मारणारा एजंट हे बोलत नाही. आधी वर्षभराची बिलं समोर ठेवा, मग किती किलोवॅट ते ठरवा.

वायरमनदादा: लाईट गेल्यावर बंद पडतं याची तक्रार करू नका, साहेब. आम्ही लाईन बंद करून पोलवर चढतो. तुमच्या गच्चीवरून उलटी वीज आली तर आमच्या घरी कोण सांगायला जाणार? ग्रिड, म्हणजे बाहेरची लाईन, गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बंद झालाच पाहिजे.

कृष्णाकाठ: दादा, तुमचं शंभर टक्के बरोबर. माझा राग हे लपवणाऱ्यांवर आहे.

मंजिरी_लातूर: इतकं घाबरवू नका हो लोकांना. किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरली तरी तीन किलोवॅटची महिन्याला साडेतीनशेच्या आसपास होतात. आमचं बिल आता फक्त स्थिर आकाराचं येतं. सासूबाई पंखा बंद करत फिरायच्या, आता उन्हाळ्यात कूलर लावून निवांत झोपतात. माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल.

दापोलीकर: लातूरचं ऊन कोकणात आणून दाखवा, ताई. जून ते सप्टेंबर उत्पादन बरंच घसरतं. खाऱ्या हवेत साधा लोखंडी सांगाडा सडतो, गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेला) हवा. वर माकडं.

गंगापूररोड (नाशिक): माकडं परवडली, शेजारी नको. आमच्या दक्षिणेला त्यांचं आंब्याचं झाड. कंपनीचा माणूस मे महिन्यात गच्ची बघून गेला, तेव्हा सूर्य डोक्यावर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि अकरापासून दोन पॅनेलवर सावली. सगळे एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या साखळीत, असल्याने बाकीच्यांचंही उत्पादन घसरतं. चार फांद्या छाटा म्हटलं तर शेजारी ऐकायला तयार नाहीत.

आमराई: झाड आधीचं की पॅनेल आधीचे? तुमच्या बिलासाठी त्यांनी मोहोर का तोडायचा? शहरात झाड तोडायला १९७५च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, हेही माहीत असू द्या.

गंगापूररोड: तोडायचं कोण म्हणतंय? छाटणी म्हटलंय. नीट वाचत जा.

आमराई: नीटच वाचलंय. आमच्या मागच्यांनीही "छाटणी" म्हणत आम्ही गावी गेलो असताना आमच्या नारळाचा शेंडा उडवला. शेंडा गेला की नारळ मेला. वडिलांनी लावलेलं झाड होतं. त्यामुळे हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं.

गंगापूररोड: तुमच्या नारळाचं वाईट वाटतं, पण त्याचा राग माझ्यावर काढू नका.

दापोलीकर: शेंडा उडवणं हा गुन्हाच. आमराईंच्या बाजूने.

मंजिरी_लातूर: झाडाच्या सावलीने खालची खोलीही गार राहते, तो हिशेब कुणी करत नाही.

वायरमनदादा: शेजाऱ्याशी भांडून काही होणार नाही. त्या दोन पॅनेलना ऑप्टिमायझर (पॅनेल स्वतंत्रपणे चालवणारं छोटं यंत्र) लावा, म्हणजे बाकीचे अडणार नाहीत. किंवा ते दोन उत्तरेच्या कडेला हलवा. आणि बोअरच्या पाण्याने धुवत असाल तर थांबा. क्षार सुकून खालच्या कडेला पांढरा थर बसतो, तो नंतर खरवडूनही निघत नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी तर नकोच. सकाळी लवकर, साध्या नळाच्या पाण्याने.

आमराई: ऑप्टिमायझरचं पटलं. एवढं सोपं होतं तर झाडाचा विषय काढायचाच कशाला?

गंगापूररोड: कारण त्याचा खर्च मला पडणार. पण ठीक आहे, दर विचारतो. शेजाऱ्यांशी बोलणं मात्र सोडणार नाही.

कृष्णाकाठ: धागा आंब्यावर गेला, हरकत नाही, सावलीचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. मंजिरीताई, तुमचे आकडे मान्य. पण तुमच्याकडे एसी नाही, म्हणून मार्चअखेरची झळ लागत नाही. एप्रिल-मेचा वापर जास्त असलेल्यांनी तो धरूनच हिशेब करावा, यावर मी ठाम आहे.

मंजिरी_लातूर: ठाम राहा. पण "शून्य नाही" म्हणजे "बसवू नका" असं वाचून माझ्या दिरांनी आज बुकिंग रद्द करायला काढलंय. त्यांना आता तुम्हीच फोनवर समजवा.

कृष्णाकाठ: नंबर पाठवा. आणि बिल कुणाच्या नावावर आहे ते आधी बघायला सांगा. आजोबांच्या नावावर असेल तर अर्जाआधी नाव बदलून घ्या, आमच्याकडे त्यातच सगळा उन्हाळा गेला.